कोरडा कूलर

गोळीबार चौकातून आत वळलं की तिसरं दुकान माझं.
तीस वर्षं कूलर उघडतोय.
टाकीच्या तळाशी हात घातला की लागतो
तो हिरवट, बुळबुळीत थर
नखांनी खरवडत आलो, पँटला पुसत आलो.
त्याला नाव असतं हे माहीत नव्हतं.

नाव कळलं मे महिन्यात, सेहेचाळीस डिग्रीत,
कल्चरच्या कागदावर: स्यूडोमोनास.
डॉक्टर मोहरील म्हणाले, हा जंतू पाण्यातला,
कुठेही असतो. नळात, सिंकमध्ये, कूलरमध्ये.
कुठून आला ते सांगता येत नाही.
मी माझे हात टेबलाखाली घेतले.

उन्नतीचा काउंट तेव्हा ऐंशी.
आमच्या गल्लीत याहून जास्त कूलर आहेत.
ल्युकेमियाच्या औषधानं वाईट पेशींबरोबर
चांगल्याही झाडून नेल्या होत्या.
रात्री दोनला ताप, एकशे एक पॉइंट चार.
मेश्राम सिस्टरनं आधी घड्याळ बघितलं, मग मला:
"तासाच्या आत पहिली बाटली लागलीच पाहिजे."
लागली.
मग दुसरी. ती थोडी जोरात सुटली
तर मान, छाती, चेहरा लालबुंद, पोर खाजवत उठली.
सिस्टरनं चाक फिरवलं, थेंब मोजले,
मग मीही मोजायला शिकलो.
पोट असं बिघडलं की दिवसाला चौदा वेळा.
जिभेवर साय धरल्यासारखा पांढरा बुरा.
दह्याला बंदी. कापलेल्या फळाला बंदी.
रोज सकाळी क्रिएटिनिन किती, हे मी
"जेवलीस का" विचारावं तसं विचारायला लागलो.

तिसरी अमिकासिन.
सही घेताना सांगितलं होतं, कानांवर परिणाम होऊ शकतो.
मी विचारलं, "अन् नाही दिलं तर?"
पंपाला पाणी वर चढवायला जितका वेळ लागतो
तितका वेळ मोहरील गप्प.
मी सही केली. इंग्रजीत केली, का कोण जाणे.

अकराव्या दिवशी ती म्हणाली,
"बाबा, कूलर बंद करा ना. किती आवाज करून राह्यला."
खोलीत कूलर नव्हता.
त्या मजल्यावरच नव्हता.
मी उठलो, भिंतीवरचं एक बटण दाबलं.
"आता?"
"चालूच आहे."

सातवीत होती तेव्हा दुकानात स्टुलावर बसून गणितं सोडवायची,
वहीतून डोकं वर न काढता सांगायची,
"बाबा, याचं बुश गेलं."
"याचा पंप कोरडा चालून राह्यला."
गिऱ्हाईक हसायचं. मी उघडून बघायचो.
बुशचा आवाज फार बारीक,
पंख्याच्या घरघरीवर तरंगणारी किर्र रेघ.
माझ्याआधी तिला यायची.

ताप उतरला. काउंट चढला.
कानांच्या तपासणीच्या कागदावर
रेघ डावीकडून सरळ चालत येते
आणि रामटेकच्या पायऱ्या उतरावी तशी खाली जाते,
बरोबर तिथे, जिथे बारीक आवाज राहतात.
"हे सहसा परत येत नाही."
त्यातला "सहसा" तेवढा उचलून
मी चार मजले जिन्यानं उतरलो.

पुढच्या मार्चमध्ये ती दुकानात आली.
मास्क, डोक्यावर बोटभर केस.
म्हणाली, "लावा एखादा."
मी पाणी घातलं नाही. कोरडाच लावला, मिनिटभर.
तिनं पत्र्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"बुश."
बुश नव्हतं. पात्याचा स्क्रू ढिला होता,
मला स्वच्छ ऐकू येत होता.
"पान्हा दे," मी म्हणालो,
आणि चांगलं बुश काढून नवं बसवलं.

स्क्रू तिला घरी सोडून आल्यावर आवळला.
मग हात धुतले, साबणानं, वीस मोजून.